छोटी ऑर्किड आणि नागपूरचं ऊन : वाचकांचे प्रश्न

उन्हाळा लागला की ऑर्किडबद्दलची पत्रं वाढतात. या वेळची बहुतेक पत्रं अडीच-तीन इंची कुंडीत मावणाऱ्या लहान जातींबद्दल आहेत : मिनी फॅलेनॉप्सिस, लुडिसिया, छोटी डेंड्रोबियम. यांची मुळं बारीक आणि कुंडीतलं माध्यम (मातीऐवजी भरलेलं साल, कोळसा यांचं मिश्रण) ओंजळभरसुद्धा नसतं, त्यामुळे काही बिघडलं तर सावरायला वेळ फार थोडा मिळतो. पुस्तकांत आणि व्हिडिओंत दिलेली वेळापत्रकं बहुधा थंड किंवा दमट प्रदेशातली असतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारची हवा इतकी कोरडी होते की धुतलेले कपडे तासाभरात वाळतात, आणि पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. म्हणून खालच्या उत्तरांत महिने आले आहेत ते नागपूरचे.

प्रश्न : जानेवारीत घेतलेल्या मिनी फॅलेनॉप्सिसची फुलं मार्चअखेर गळाली. फुलं संपली की लगेच कुंडी बदला, असं सगळेच सांगतात. आता बदलू का? (प्रतापनगर)

उत्तर : थांबा. कुंडी बदलताना कितीही जपलं तरी काही मुळं दुखावतात आणि नवी मुळं माध्यमाला धरेपर्यंत तीन-चार आठवडे रोप पाणी कमी ओढतं. एप्रिल-मेच्या हवेत पानांतून पाणी उडणं मात्र थांबत नाही. परिणाम म्हणजे पानं आठवड्याभरात सुरकुततात, आणि अशा पानांचा ताठरपणा पुढे पूर्ण परत येत नाही.

पाऊस स्थिरावला की, म्हणजे साधारण जूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत, कुंडी बदला. तारखेपेक्षा मुळाचं टोक बघा. सुप्त मूळ टोकापर्यंत रुपेरी असतं. वाढीला लागलेल्या मुळाला पुढे हिरवं किंवा तांबूस, चकचकीत टोक येतं. हे टोक अर्धा ते एक सेंटिमीटर झालं की नेमकी वेळ आली. तीन-चार सेंटिमीटर वाढू दिलंत तर कुंडीत बसवताना तेच आधी मोडेल.

एकच अपवाद. माध्यम कुजून चिखलासारखं झालं असेल, कुंडीला आंबूस वास येत असेल किंवा रोप बुडाशी डुगडुगत असेल, तर जूनची वाट पाहू नका. मग आताच बदला, पण त्यानंतर रोप दोन-तीन आठवडे कूलर चालू असलेल्या खोलीत ठेवा. भोकं पाडलेली पारदर्शक पिशवी त्यावर सैल घाला. त्या पिशवीवर ऊन अजिबात पडता कामा नये.

प्रश्न : कुंडी नेमकी कशी बदलायची? माझ्याजवळच्या रोपाला पानं जेमतेम चार आहेत, मुळं तुटतील अशी भीती वाटते. (धरमपेठ)

उत्तर : आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी द्या. कोरडं मूळ ठिसूळ असतं, भिजलं की वाकतं. पाइनची साल वापरणार असाल तर तीही चोवीस तास भिजवून ठेवा, कारण कोरडी साल पाणी झटकून टाकते.

कुंडी पारदर्शक घ्या, म्हणजे मुळं दिसतात. मुळांच्या जुडग्याभोवती बोटभर जागा राहील एवढीच ती मोठी हवी. चार पानांच्या रोपाला अडीच इंची पुरते. नर्सरीत मिळाली नाही तर सरबताचा २०० मिलिलिटरचा पारदर्शक प्लॅस्टिकचा ग्लास चालतो. तापवलेल्या दाभणाने तळाला सहा-सात आणि तळापासून दोन सेंटिमीटर वर चहूबाजूंनी चार भोकं पाडा. बाजूची भोकं विसरू नका, हवा तिथूनच आत शिरते. वाढायला जागा मिळावी म्हणून एकदम चार इंची कुंडी देणं हे लहान रोप मरण्याचं फार मोठं कारण आहे. मुळं जिथवर पोहोचत नाहीत तिथलं पाणी कोणी पीत नाही, आणि मधला भाग आठ-दहा दिवस ओला राहतो.

मिश्रणात पाच ते दहा मिलिमीटरची पाइनची साल तीन भाग, तेवढ्याच आकाराचा लाकडी कोळसा एक भाग आणि कापून मोकळं केलेलं स्फॅग्नम मॉस (वाळवलेलं शेवाळ) एक भाग घ्या. दमट किनाऱ्यावर मॉस नसलं तरी चालतं. आपल्याकडे ते हवं.

आता रोप काढू. कुंडीच्या बाजू सगळीकडून हलके दाबा आणि रोप उलटं धरा. मूळ प्लॅस्टिकला चिकटलं असेल तर ते ओढण्यापेक्षा कुंडी कात्रीने कापा. जुनं माध्यम परातीतल्या कोमट पाण्यात झाडून घ्या. इथे एक गोष्ट नीट तपासा. बाजारात येणारी बहुतेक रोपं टिश्यू कल्चरची, म्हणजे प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेली असतात आणि बाटलीतून काढताना बुडाशी बसवलेला मॉसचा किंवा कोकोपीटचा सुपारीएवढा गोळा तसाच आत राहिलेला असतो, कधी बारीक जाळीच्या कपासकट. बाहेरची साल वाळली तरी हा गोळा ओलाच असतो. वरून सगळं ठीक दिसतं आणि रोप मधून कुजत जातं. चिमट्याने एकेक धागा ओढून तो मोकळा करा, जाळी कापून काढा. निरोगी मुळांत गुंतलेले दोन-चार धागे राहिले तर राहू द्या.

मग मुळं बोटांत धरून हलके दाबा. रंगावर जाऊ नका. प्रकाश न मिळालेली मुळं पिवळट-तपकिरी दिसतात, पण टणक असतील तर ती चांगली आहेत. दाबल्यावर पोकळ लागणारं, साल सुटून आत नुसता दोरा उरणारं मूळ मेलेलं असतं. ते निरोगी भागापर्यंत कापा. ब्लेड गॅसच्या ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवून गार करा, दुसऱ्या रोपाला नवी ब्लेड घ्या. ऑर्किडचे विषाणू रसातून पसरतात आणि त्यांच्यावर औषध नाही. दालचिनीची पूड खोडावरच्या कापापुरतीच ठेवा. मुळांवर भुरभुरली तर ती त्यांना कोरडं पाडते. मुळांचे काप सावलीत दोन-तीन तास सुकले की पुरे.

बसवताना सगळ्यात खालच्या पानाचं बूड माध्यमाच्या पातळीला यावं, खोड पुरलं जाऊ नये. रोप किंचित कलतं बसवा, म्हणजे मधल्या कोंबात पाणी साचत नाही. निसर्गात फॅलेनॉप्सिस झाडाच्या अंगाला आडवंच लोंबतं. हवेत वाढलेली मुळं बाहेर राहू द्या. माध्यम थोडं थोडं घाला, कुंडी टेबलावर आपटा, बांबूच्या काडीने पोकळ्या भरा, पण ठासू नका.

शेवटी पानाला धरून अगदी हळू हलवून बघा. रोप डुलत असेल तर बारीक काडी रोवून मऊ कापडाच्या पट्टीने बांधा. हे बांधणं अनेक जण टाळतात आणि नंतर मुळं का वाढत नाहीत म्हणून विचारतात. डुलणाऱ्या रोपाचं कोवळं टोक प्रत्येक हालचालीला सालीवर घासतं आणि काळं पडून थांबतं. दोन महिन्यांनी काडी काढा.

मुळं फारशी कापली नसतील तर दुसऱ्या दिवशी पाणी द्या, बरीच कापली असतील तर तीन-चार दिवसांनी. खत नवी टोकं दिसल्यावरच. खालचं एखादं पान पिवळं पडलं तर काळजी नको. वरचं कोवळं पान पिवळं पडलं किंवा एकदम दोन-तीन पानं पडू लागली तर मात्र रोप पुन्हा काढून बूड तपासा.

प्रश्न : पाइनची साल महाग पडते. घरच्या नारळाचं सोडण, शेगडीचा कोळसा, विटेचे तुकडे चालतील का? (महाल)

उत्तर : सोडण चालतं, पण तयारी करून. त्यात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात, शिवाय खतातला कॅल्शियम ते स्वतःकडे ओढून घेतं. सेंटिमीटरभराचे तुकडे करा, गंजात दहा मिनिटं उकळा, मग तीन दिवस रोज पाणी बदलत भिजत ठेवा. शेवटच्या रात्री लिटरला ४ ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट घातलेल्या पाण्यात ठेवून सकाळी धुवा. तरीही एकूण मिश्रणाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वापरू नका, कारण पावसाळ्यात सोडण वाळतच नाही. कोळसा लाकडाचा हवा, विटांसारख्या साच्यात दाबलेला नको. काळी भुकटी निघून जाईपर्यंत धुवा. विटेचे तुकडे मोठ्या डेंड्रोबियमला उत्तम, बारीक मुळांना फार भरड. बागेतली माती आणि नुसतं कोकोपीट फॅलेनॉप्सिसला कधीच नको.

प्रश्न : कुंडीच्या काठावर आणि मुळांवर पांढरा थर जमून राहिला आहे. आम्ही पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओचं बाहेर टाकलेलं पाणी देतो. (मनीषनगर)

उत्तर : थराचं कारण तेच आहे. आरओ यंत्र गाळलेल्या पाण्यातले क्षार बाजूला काढून त्या सांडपाण्यातच सोडतं, म्हणजे ते मूळ पाण्यापेक्षा जड असतं. ते फरशी पुसायला वापरा. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणीही नको. कूलर दिवसभर पाणी उडवतो आणि क्षार टाकीत साठत जातात, खसवर जमणारा पांढरा थर त्याचाच.

लहान ऑर्किडला २०० पीपीएमच्या (लिटरला २०० मिलिग्रॅमच्या) आत क्षार असलेलं पाणी सोसतं. पाण्यातले विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर स्वस्त मिळतो, एकदा मोजाच. महापालिकेचं पेंच-कन्हानचं पाणी आणि बोअरचं पाणी यांत मोठा फरक पडतो, दोन शेजारच्या बोअरमध्येसुद्धा. आकडा जास्त आला तर गाळलेलं आरओचं पाणी आणि नळाचं पाणी निम्मं-निम्मं करा. पावसाचं पाणी सगळ्यात चांगलं. पहिल्या दोन-तीन सरींनी गच्ची धुऊन निघाल्यावर ते भरा, आणि डास होऊ नयेत म्हणून ड्रम झाकून ठेवा. एसीचं ठिबकणारं पाणीही चालतं, सर्व्हिसिंगनंतरचे दोन दिवस सोडून.

सध्या जमलेला थर काढायला महिनाभर दर आठवड्याला कुंडीच्या आकाराच्या चौपट हलकं पाणी सावकाश ओतून वाहू द्या. खत तोवर बंद. पुढे १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं) हे खत लिटरला पाव ग्रॅम, आठवड्यातून एकदा, तेही ओल्या मुळांवर. महिन्यातून एका आठवड्याला त्याऐवजी पाव ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट द्या. दोन्ही एकत्र कालवू नका, कॅल्शियम आणि स्फुरद मिळून तळाशी पांढरा गाळ बसतो आणि तो मुळांना मिळत नाही.

प्रश्न : मे महिन्यात रोप कुठे ठेवायचं? दिवसातून चार वेळा पाणी फवारते, तरी पानं लुळी. खिडकी उत्तरेची आहे, म्हणजे ऊन नाही. (गोकुळपेठ)

उत्तर : आधी खिडकीचं. नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. साधारण २६ मेपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन उत्तरेच्या खिडकीतून आत येतं. वर्षभर सावलीत राहिलेलं पान त्या संध्याकाळच्या उन्हात भाजतं. पांढरा पातळ पडदा लावा किंवा रोप दोन हात आत घ्या. पानाला हात लावून बघा. ते हवेपेक्षा गरम लागत असेल तर प्रकाश जास्त आहे.

फवारणीने फारसं साधत नाही. या हवेत पानावरचं पाणी काही मिनिटांत उडतं, मागे क्षारांचे डाग राहतात. फॅलेनॉप्सिस आपली रंध्रं (पानांवरची सूक्ष्म छिद्रं) दिवसा मिटून घेतं आणि रात्री उघडतं. त्यामुळे दुपारपेक्षा रात्रीचा गारवा आणि दमटपणा त्याला जास्त हवा असतो. सगळ्यात चांगली जागा म्हणजे तुम्ही झोपता ती कूलरची खोली. कूलरपासून सहा-आठ फुटांवर, झोताच्या बाजूला ठेवा. थेट झोतात मुळं वाळतात. समोरची खिडकी चार बोटं उघडी हवी, नाहीतर खोलीत वाफसा कोंडून बुरशी येते. तीन-चार रोपं एका परातीत ओल्या रेतीवर, रेती आणि कुंडीच्या मध्ये उलटी बशी ठेवून, जवळजवळ मांडा. कुंडीचा तळ पाण्याला लागू देऊ नका.

पाणी पहाटे द्या. अडीच इंची कुंडीला या खोलीत दोन-तीन दिवसांनी लागतं, पावसाळ्यात सहा-आठ दिवसांनी, डिसेंबरात आठ-दहा. मुळं रुपेरी झाली आणि कुंडी उचलताना हलकी लागली की वेळ झाली. तुमची पानं आताच लुळी आहेत, तेव्हा फवारणीआधी मुळं तपासा. पाणी कमी पडलं तरी आणि जास्त पाण्याने मुळं कुजली तरी पान सारखंच लुळं दिसतं, उपाय मात्र उलटे आहेत.

प्रश्न : मागच्या पावसाळ्यात पानावर पाणी भरल्यासारखा डाग आला आणि तीन दिवसांत रोप गेलं. या वर्षी आधीच बुरशीनाशक मारू का? (सक्करदरा)

उत्तर : एवढ्या वेगाने पसरणारा ओलसर, तपकिरी डाग बहुधा जिवाणूचा असतो आणि साधी बुरशीनाशकं त्यावर चालत नाहीत. डाग दिसताच निरोगी भागात एक सेंटिमीटर आतपर्यंत पान कापा, ब्लेड प्रत्येक कापानंतर तापवा, रोप वेगळं ठेवा आणि चार दिवस पानांवर पाण्याचा थेंब पडू देऊ नका. कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम फवारता येतं, पण डेंड्रोबियमवर नको, त्याला तांबं सोसत नाही. औषधापेक्षा जास्त उपयोग पंख्याचा. जुलै-ऑगस्टमध्ये लहान पंखा भिंतीकडे तोंड करून मंद चालू ठेवा. पाणी दिल्यावर कोंबात साचलेलं पाणी टिश्यू पेपरच्या टोकाने टिपून घ्या. रोप गच्चीवरच्या सततच्या पावसात ठेवू नका.

प्रश्न : लहान ऑर्किड लाकडाच्या ढलपीवर बांधलेली सुंदर दिसतात. इथे जमेल? (त्रिमूर्तीनगर)

उत्तर : मिनी फॅलेनॉप्सिसला नको. ढलपीवरची मुळं मेमध्ये तासाभरात वाळतात, दिवसातून दोन-तीनदा पाणी देणं नोकरी करणाऱ्याला शक्य नाही. टोलुम्नियाही सुरुवातीला घेऊ नका, उन्हाळ्यात तहानेने आणि पावसाळ्यात कुजण्याने जातं.

ढलपीसाठी डेंड्रोबियम लिंडलेई घ्या. छोटे जाड कंद, प्रत्येकावर एकच कडक पान आणि उन्हाळ्याच्या तोंडावर सोनेरी पिवळे लोंबते घोस. नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्याला जवळजवळ कोरडं ठेवायचं असतं, कंद फारच सुरकुतले तर पंधरवड्यातून एकदा शिंतोडे. आपला कोरडा हिवाळा त्याला मानवतो. विदर्भातल्या जुन्या झाडांवर आढळणारं वांडा टेसेलाटा तर इथल्या उन्हातच वाढतं, पण रस्त्याच्या कडेला विकायला येणारी, फांदीवरून ओरबाडलेली रोपं घेऊ नका. त्यांची मुळं तुटलेली असतात आणि जंगलातली संख्याही घटते. रोपवाटिकेत वाढवलेलंच मागा.

प्रश्न : माकडाच्या तोंडासारख्या ऑर्किडच्या बिया ऑनलाइन मिळताहेत. मागवू? (जरीपटका)

उत्तर : नको. ते ड्रॅक्युला, दक्षिण अमेरिकेतल्या ढगाळ, थंड डोंगरी जंगलांतलं. नागपूरचा उन्हाळा ते काढणार नाही. आणि ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक असतं, त्यात अन्नसाठा नसतो. निसर्गात ते ठरावीक बुरशीच्या मदतीने रुजतं, प्रयोगशाळेत निर्जंतुक बाटलीत. कुंडीत पेरून रुजणार असं सांगून पाकिटातून येणाऱ्या टपोऱ्या बिया ऑर्किडच्या नसतात.

प्रश्न : लुडिसियाचे शेंडे लांबून राहिले आहेत, खालची पानं गेली. छाटू का? (इतवारी)

उत्तर : छाटा, जुलैमध्ये. तीन पेरं आणि दोन-तीन पानं असलेला शेंडा कापा, काप एक दिवस सुकू द्या, मग भिजवून घट्ट पिळलेल्या मॉसवर आडवा ठेवा. एक पेर मॉसला टेकलं पाहिजे. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. उरलेला बुंधाही फेकू नका, त्याला डोळे फुटतात. हे जमिनीवर सरपटणारं ऑर्किड आहे, त्याला खोल कुंडी नको. चार इंच रुंद, अडीच इंच खोल पसरट कुंडी घ्या, त्यात कोकोपीट, परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) आणि बारीक साल समप्रमाणात. काचेच्या बरणीत लावायचं असेल तर झाकण रोज तासभर उघडा आणि बरणी उन्हाच्या जवळपासही ठेवू नका, बंद काचेत दहा मिनिटांत रोप शिजतं.

प्रश्न : दोन वर्षांपासून पानं छान, फुलं नाहीत. मागच्या वर्षी एक दांडा आला, पण कळ्या पिवळ्या होऊन गळल्या. (सीताबर्डी)

उत्तर : फॅलेनॉप्सिसला दांडा धरायला चार ते सहा आठवडे दिवसा पंचविसाच्या आत-बाहेर आणि रात्री वीस अंशांखाली तापमान लागतं. आपल्याकडे नोव्हेंबर-डिसेंबरात हे आपोआप मिळतं, पण खिडक्या बंद करून आत ठेवलेल्या रोपाला मिळत नाही. दिवाळीनंतर ते पूर्वेच्या गॅलरीत ठेवा. पारा १२ अंशांखाली उतरेल त्या रात्री मात्र आत घ्या.

दांडा बोटभर झाल्यावर कुंडी फिरवू नका, कळ्या प्रकाशाकडे वळताना दांडा पिळला जातो. कळ्या गळण्याची कारणं म्हणजे अचानक जागा बदलणं, मुळं पूर्ण कोरडी पडणं आणि फळं. पिकणारी केळी, सफरचंदं, आंबे इथिलीन वायू सोडतात आणि एवढ्याशा कळ्यांना तो पुरतो. रोप जेवणाच्या टेबलावर फळांच्या टोपलीशेजारी असेल तर हलवा. संत्र्याची पेटी जवळ असली तरी सहसा बिघडत नाही, चांगलं संत्रं हा वायू अगदी नगण्य सोडतं. पण पेटीतल्या एखाद्या संत्र्याला हिरवी बुरशी लागली असेल तर ते भरपूर सोडतं, तेव्हा पेटी रोज चाळा आणि नासकं फळ लगेच बाहेर काढा.